पाठ वाकडी, आरोपी फरार

“वाका!” हा शब्द गेल्या चार वर्षांत मी जितक्या वेळा उच्चारला असेल, तितक्या वेळा शिरूर-दौंड भागातल्या एखाद्या मुकादमानंही उच्चारला नसेल. आणि मी काही कुणाला वाकायला लावणाऱ्यांतली नव्हे. कारेगावात वाढले. वडील एमआयडीसीत कंत्राटी कामगार. कॉलेजला असल्यापासून कंपन्यांच्या गेटवर पत्रकं वाटली, आणि ती लिहायचेही मीच.

पत्रकाचं एक शास्त्र असतं. वर हाक, मग आरोप, मग आरोपीचं नाव, शेवटी मागणी, आणि सगळीकडे मूठमूठ उद्गारचिन्हं. यातलं आरोपीचं नाव काढलं तर पत्रक कोसळतं. शिव्या नेमक्या कुणाला द्यायच्या हे कळावं म्हणूनच तर लोक ते हातात घेतात.

ही सवय घेऊन मी शाळकरी मुलांच्या पाठी तपासणाऱ्या एका छोट्या संस्थेत आले आणि माझी पंचाईत झाली. कारण या दुखण्याला आरोपीच नाही.

आधी दुखणं सांगते. पाठीचा कणा मागून पाहिला तर सरळ रेघेत दिसायला हवा. काही मुलांचा तो वाढीच्या वयात बाजूला वळतो आणि वळता वळता पिळला जातो, धुतलेली चादर पिळावी तसा. डॉक्टर याला स्कोलिओसिस म्हणतात. बहुतेक वेळा दुखत नाही, आणि सगळा घोळ तिथंच आहे. दुखलं असतं तर पोरं बोंबलली असती. इथं मूल पळतं, खेळतं, आणि कणा आपला गुपचूप वळत राहतो. उभ्या मुलात चटकन कळतही नाही. पण पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, दोन्ही तळहात एकमेकांना लावून मूल पुढं वाकलं की मागून पाहणाऱ्याला दिसतं: एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या. म्हणून “वाका!”

त्या उंचवट्यावर आम्ही एक छोटं यंत्र ठेवतो. वाकड्या नळीत एक गोळी असते, पाठ जितकी तिरपी तितकी ती सरकते. कारेगावच्या शाळेत एका मुलाचे वडील गवंडी होते. त्यांनी ते यंत्र उलटंपालटं करून पाहिलं.

“ही तर पाणसळ हाय, मॅडम.”

“तसंच समजा.”

“मंग मला सांगायचं की. माझी आणली असती. तुमची लय बारकी हाय, हिच्यावर भिंत न्हाई व्हायची.”

अशा कौतुकात आमचं काम चालतं. प्लास्टिकचा एक आख्खा कणा माझ्या पिशवीत कायम असतो. दौंडहून पुण्याला जाणाऱ्या डेमू गाडीत तो पिशवीतून वर डोकावतो. एकदा शेजारच्या मावशींनी बराच वेळ त्याच्याकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, “कुणाचा हाय?”

“प्लास्टिकचा आहे, मावशी.”

“ते खरं. पर कुणाचा?”

एका मुख्याध्यापकांनी तर तपासणीआधी अर्धा तास ‘ताठ कण्याने जगा’ या विषयावर भाषण केलं, स्वतः टेबलाला रेलून. मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, सर, आज जिचा कणा वळलेला निघेल ती पोरगी उद्यापासून स्वतःला लबाड समजायला लागेल. ते म्हणाले, “छे छे, मी महापुरुषांबद्दल बोलत होतो.” जसे काही महापुरुषांचे एक्स-रे यांनी पाहिलेत!

तर माझं पत्रक. संस्थेत आल्यावर पहिल्या महिन्यातच मी ते ठोकून दिलं. ‘तुमच्या लेकराचा कणा कोणी वाकवला?’ हे वर ठळक. आरोपी: दप्तर! दप्तराचं ओझं लादणारी शिक्षणव्यवस्था! खाली ठळक अक्षरांत: ‘एका बाजूला ओझं वाहिल्याने कणा वाकतो!’ आधी छापलं आणि मग आमच्या डॉक्टरांना दाखवलं. ही पत्रकवाल्यांची जुनी पद्धत.

डॉक्टरांनी वाचून विचारलं, “हे तुला कुणी सांगितलं?”

“सगळेच म्हणतात, सर.”

“दप्तरानं पाठ दुखते, खांदे अवघडतात. पण कणा असा वळत नाही. वेडंवाकडं बसून नाही, झोपून नाही, ओझ्यानंही नाही. काहींचे मणके जन्मतःच वेगळ्या घडणीचे असतात, काहींना नसांचा किंवा स्नायूंचा आजार असतो. उरलेल्या बहुतेक मुलांत कारण सापडत नाही. काही घराण्यांत जास्त दिसतं, एवढंच.”

“मग दोष कुणाचा?”

“कुणाचाच नाही.”

असं उत्तर मला गेटवर कुठल्या साहेबानं दिलं असतं तर मी तिथंच घोषणा दिल्या असत्या. इथं डॉक्टरांचं मानलं. पण गठ्ठा छापून झाला होता. दप्तरं जड असतात हे तर खरंच आहे, नुकसान काय होणार, असा विचार करून मी म्हटलं, असलेली पत्रकं संपेपर्यंत वाटू या. आणि वाटली. गेल्या चार वर्षांत मी बऱ्याच जणांवर तोंड टाकलंय. हा एक निर्णय मात्र आठवला की तोंड कुठं लपवू असं होतं.

त्यातलं एक पत्रक कुरकुंभच्या वाटेवरच्या एका गावात पोचलं. नंतर गेल्या साली, जुलैत, त्याच गावच्या शाळेत मी तपासणीला गेले. मुलींची तपासणी वेगळ्या खोलीत, बाईंच्या समोर. सातवीतली साक्षी पुढं आली. उभी राहिली तर इतकी नेटकी की मी ‘ठीक’ म्हणून लिहायच्या बेतात होते. दोन्ही खांदे एका पातळीत, कमीज अंगावर बेतल्यासारखी, घेर सरळ रेघेत. पण नियम म्हणजे नियम. म्हटलं, वाक.

ती वाकली आणि उजव्या बरगड्या अशा वर आल्या की गोळी थेट अकरा अंशांवर जाऊन थांबली. सातच्या पुढं आम्ही एक्स-रेला पाठवतो.

मी तिला पुन्हा उभं केलं. पुन्हा सगळं सरळ! मग कमीजचा खांदा चाचपला. डाव्या खांद्याच्या आत कॅनव्हासची जाड पट्टी शिवलेली. आणि उजव्या बाजूचा घेर मुद्दाम बोटभर लांब कापलेला, म्हणजे खांदा वर उचलला गेला तरी खालची रेघ बरोबर.

“हा ड्रेस कुणी शिवला?”

“बबनमामांनी. आमच्या गावात समदे त्यांच्याकडंच शिवत्यात.”

पालकांसाठी चिठ्ठी दिली आणि मी तरातरा त्या टेलरच्या दुकानात गेले. बबनमामा साठीचे, गळ्यात टेप, कानावर खडू. मी विचारलं, साक्षीच्या डाव्या खांद्यात कॅनव्हास कशाला घातलं? त्यांचा चेहरा खुलला. कुणीतरी त्यांची कारागिरी ओळखली होती!

“दिसलं का तुमाला? कुणालाच दिसत न्हाई बघा. पोरीचा खांदा वरखाली हाय. साधा टेलर असता तर घेर तिरपा गेला असता. म्या आतल्या आत मिटवतो. माझ्या हातचा कपडा वाकडा दिसणार न्हाई, मानूस वाकडा असला तरी.”

“मामा, तिचा कणा वळतोय. तुम्ही तो झाकलात! तुमच्यामुळं तिच्या आईलासुद्धा दिसलं नाही!”

मी आणखीही पुष्कळ बोलले. आरोपी सापडला होता ना! इतक्या दिवसांनी हाडामांसाचा, टेप घातलेला आरोपी. मामा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “पोर, घेर तिरपा दिसला असता तर लोक मला नावं ठेवतील असं वाटलं. पोरीकडं बघायचं असतं, हे ध्यानातच आलं न्हाई.” मी दुकानातून उतरले.

ऑक्टोबरात पुन्हा त्या शाळेत गेले. साक्षीचा एक्स-रे झालेला नव्हता. मी तिच्या घरी गेले.

वडील कुरकुंभच्या केमिकल कंपनीत शिफ्टला, त्यामुळं घरात शब्द चालतो तो आजोबांचा. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. उभी हयात मेंढरांमागं गेली. आता विहिरीवर फ्लॉवर-गवार करून स्थिरावलेत, पण करमत नाही म्हणून सात-आठ मेंढरं दारात आहेतच. साक्षीची आई, सुनीता, मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. चौदा महिन्यांचा मुलगा तिच्या मांडीवर.

“या ताई,” आप्पा म्हणाले. “तुमचं बराबर निघालं बघा.” आणि त्यांनी देवाच्या फोटोमागून घडी घातलेला कागद काढला. माझंच पत्रक. ‘एका बाजूला ओझं वाहिल्याने कणा वाकतो!’ या ओळीखाली पेनानं रेघ.

“शाळंतनं तुमची चिठ्ठी आली, मंग ह्यो कागद काढून वाचला. तवा समजलं. हिनं,” त्यांनी सुनीताकडं हनुवटी केली, “बारकं पोरीच्या कडंवर दिलं. वरीसभर पोरगी त्याला घिऊन हिंडली. झाली वाकडी. आता म्या बंद केलंय. पोरीनं कायबी उचलायचं न्हाई. हुईल सरळ आपसूक.”

“आणि एक्स-रे?”

“कशाला? कारण कळलं, कारण बंद केलं. तुमच्याच कागदावर हाय की.”

सुनीता मान वर न करता जुड्या बांधत होती. नंतर साक्षीनं मला सांगितलं, तीन महिने घरात आईशी कामापुरतंच बोलणं होतं. शेजारणी पोरीची पाठ बघायला यायच्या आणि जाताना आईकडं बघून जायच्या. आणि तिकडं साक्षीची उंची वाढत होती. उंची वाढते तेव्हाच कणा जोरात वळतो. एकेक आठवडा मोलाचा, आणि इथं माझ्या एका उद्गारचिन्हापायी तीन महिने गेले होते.

मी म्हटलं, “आप्पा, ते पत्रक चुकलंय. ओझ्यानं कणा वळत नाही.”

“कुणी लिवलं हे?”

“मी.”

“तुमीच लिवलं आन् तुमीच म्हणताय चुकलं?”

“हो.”

“मंग छापलेलं खरं धरू का तोंडी? कोर्टात कुठलं चालतंय सांगा.”

मोठमोठे एचआरवाले साहेब मला गेटवर गप्प करू शकले नव्हते. या माणसानं एका वाक्यात केलं.

मी पुन्हा बबनमामांच्या दुकानात. या वेळी भांडायला नाही. सगळं सांगितलं. त्यांनी शिलाई थांबवली, फळीवरची एक जुनी वही काढली आणि म्हणाले, “चला.” मला मोपेडवर मागं बसवलं, माझा प्लास्टिकचा कणा हँडलला अडकवला आणि आम्ही आप्पांच्या वस्तीवर पोचलो. वाटेत दोन कुत्री मागं लागली. कुणाच्या मागं ते उघडच आहे.

मामांनी आप्पांसमोर वही उघडली. मापांची वही. छाती, उंची, बाही.

“आप्पा, ऐका. साक्षी, पाचवी, जून. उजवा खांदा वर, अर्धं बोट. सहावी, जून. पाऊण बोट. सातवी, एक बोट. आता सांगा, पाचवीच्या जूनला तुमचं बारकं कुठं व्हतं?”

आप्पांनी बोटं मोजायला सुरुवात केली. “तवा... पोटात आसंल.”

“पोटातबी न्हवतं,” सुनीता म्हणाली. त्या घरात मी ऐकलेलं तिचं ते पहिलं वाक्य.

आप्पांनी बोटं पुन्हा मोजली. हिशेब पटला तसे ते मामांवर घसरले. “म्हंजी तुला दोन वरसं ठावं व्हतं आन् तू गप?”

“मला वाटलं, कपड्यात निभतंय तवर निभंल,” मामा खाली बघत म्हणाले.

“बरं. कडंवर घेऊन झालं न्हाई. मंग कशानं झालं?” आप्पा माझ्याकडं वळले.

“माहीत नाही, आप्पा. डॉक्टरांनाही माहीत नाही.”

“ही काय बोलायची रीत झाली? काय तरी कारण आसल्याबिगर हाड वळतंय व्हय?”

उत्तर सुनीतानं दिलं, मेथीची जुडी खाली ठेवून.

“आप्पा, तुमच्या काळ्या मेंढीला जुळी झाली. एक धडधाकट, एक पाठीत वाकडं. एकाच पोटातली, एकच दूध. त्या वाकड्याला कुणी कडंवर पोर दिलं व्हतं? का दप्तर दिलं व्हतं?”

पहिल्यांदा मामा हसले, मग तोंडावर टेप दाबून धरली. आप्पा हसले नाहीत. त्यांनी साक्षीला जवळ बोलावलं, पाठमोरी उभी केली आणि मानेपासून खाली अंगठा फिरवत नेला. बाजारात मेंढरू घेताना पाठीवरून फिरवतात तसा, सावकाश, एकेक मणका चाचपत. मधे अंगठा उजवीकडं गेला आणि तिथंच थांबला.

“हितं वळलाय.”

“हो.”

“कवा जायचं पुण्याला?”

एक्स-रेत अठ्ठावीस अंश निघाले. डॉक्टरांनी सुनीताला समजावलं ते मी इथं थोडक्यात देते. वळण थोडं असतं तर नुसतं दर काही महिन्यांनी पाहत राहिलो असतो. पन्नाशीच्या आसपास गेलं असतं तर ऑपरेशनचा विचार, मणक्यांना सळई आणि स्क्रू. साक्षी मधल्या टप्प्यात, आणि वाढ अजून बाकी. म्हणून ब्रेस: अंगाच्या मापानं बनवलेलं कडक प्लास्टिकचं चिलखत, अंघोळ आणि खेळ सोडून जवळजवळ दिवसभर घालायचं, वाढ थांबेपर्यंत. सोबत शिकवलेले व्यायाम. मालिश, झाडाला लोंबकळणं, हाड बसवणारे, कशानंही हे वळण जात नाही. ब्रेसनंही बहुधा सरळ होत नाही. ब्रेसचं काम एवढंच, की पुढं वळू द्यायचं नाही.

मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, तीन महिने आधी आलो असतो तर? ते म्हणाले, “सांगता येत नाही. पण थांबायला नको होतं.” हे वाक्य मी आजवर कुठं छापलेलं नाही.

ब्रेस घालून परत येताना डेमूत चढायच्या घाईत एका काकांचं कोपर साक्षीच्या पोटावर आपटलं आणि तेच “आई गं!” करून ओरडले. साक्षी पहिल्यांदा हसली. दौंड येईपर्यंत ती गर्दीत मुद्दाम पुढं पुढं करत होती.

शाळेत मात्र तिचं हसू टिकलं नाही. जुनी कमीज ब्रेसवर चढेना, चढली तर पट्ट्यांच्या जागी फाटे. तिसऱ्या दिवशी ब्रेस खाटेखाली गेला. सुनीतानं मला फोन केला आणि मी मामांना. मामांनी दुकान बंद ठेवून तिच्यासाठी नवा ड्रेस बेतला: ऐसपैस, आतून मऊ अस्तर, पट्ट्यांपाशी दुहेरी कापड. सगळं झाल्यावर त्यांचा हात सवयीनं कॅनव्हासकडं गेला.

“नको, मामा,” साक्षी म्हणाली. “खांद्यात काय घालू नका. घेरबी तिरपा ऱ्हाऊ द्या.”

“पोरी, दुकानाचं नाव जाईल माझं!”

“मी सांगंन की, मीच सांगितलंय म्हणून. तिरपा आसला की कळतंय. वाढलं का न्हाई ते.”

मामांनी तसा ड्रेस शिवला. उभ्या आयुष्यात त्यांच्या हातून बाहेर पडलेला तो पहिला वाकडा कपडा. दोन दिवस ते त्या रस्त्यानं गेले नाहीत.

राहिलं आप्पांचं कोर्ट. त्यांनी मला बजावलं होतं, “चुकलं म्हणताय तर तसं छापून आणा.” संस्थेतले वरिष्ठ म्हणाले, माफीचं पत्रक कुणी काढतं का? मी काढलं. ‘आमचं आधीचं पत्रक चूक होतं! दप्तराने कणा वळत नाही! कडेवर मूल घेतल्याने वळत नाही! आईच्या चुकीने तर मुळीच नाही! मुलांना वाकायला सांगा आणि मागून बघा!’ आरोपीच्या जागी काहीच नाही. मला वाटलं होतं, पत्रक कोसळेल. आप्पांनी ते दूध डेअरीवर रांगेतल्या लोकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘आईच्या चुकीने’ ही ओळ दोनदा. सुनीता तिथंच किटली घेऊन उभी होती.

बबनमामा आता माप घेताना प्रत्येक मुलाला आधी वाकायला लावतात, आणि शंका आली की मला फोन करतात. त्यांनी पाठवलेल्या दोघांना खरंच एक्स-रे लागला. बाकीचे नुसतेच पोक काढून उभे राहणारे होते. त्यांना मामा फुकटात रागावतात.

या जूनमध्ये साक्षीच्या आठवीच्या ड्रेसचं माप होतं. मी मुद्दाम गेले. आदल्या आठवड्यात पुण्याला एक्स-रे झाला होता आणि डॉक्टर म्हणाले होते, वळण आहे तेवढंच आहे, ब्रेस चालू ठेवा. सुनीतानं ती काळी फिल्म उजेडात धरून उलटसुलट पाहिली होती आणि पिशवीत ठेवली होती. ते आकडे तिच्या ओळखीचे नव्हते.

साक्षी आत जाऊन ब्रेस काढून आली. आप्पा बाकड्यावर, सुनीता दाराशी. मामांनी टेप लावली. उंची दोन इंच वाढलेली. मग खांद्यांवर पट्टी धरून, एक डोळा मिटून त्यांनी बोट आडवं लावलं.

“एक बोट,” मामा म्हणाले. “पोरगी दोन इंच वाढली, आन् बोट एकच हाय.”

आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

सुनीता दारातून आत आली, साक्षीच्या मागं उभी राहिली आणि म्हणाली, “मामा, आणखी एकदा मोजा.”